नकाराचं बहुमत : ब्रेक्झिटवर ब्रिटिश संसद का अडली?

२७ मार्च २०१९ च्या संध्याकाळी हाउस ऑफ कॉमन्समधल्या खासदारांच्या हाती एक छापील मतपत्रिका दिली गेली. एरवी तिथलं मतदान चालत जाऊन होतं. सभागृहाच्या दोन बाजूंना दोन लांबट दालनं आहेत, एक होकाराचं आणि एक नकाराचं. खासदार त्यातल्या एकातून बाहेर पडतात आणि दाराशी उभे असलेले मोजणीदार त्यांची संख्या मोजतात. त्या संध्याकाळी मात्र कागदावर आठ प्रस्ताव होते आणि प्रत्येकापुढे हो किंवा नाही लिहायचं होतं. युरोपीय महासंघ सोडायचा तर कसा, याची एकूण एक उत्तरं त्यात आली होती : करार न करता बाहेर पडणं, सीमाशुल्क संघात (आपसात जकात नाही आणि बाहेरच्या मालावर सगळ्यांची जकात एक) राहणं, नॉर्वेसारखं अर्धं आत राहणं, पुन्हा लोकांना विचारणं, सोडण्याचा निर्णयच मागे घेणं. रात्री सभापती जॉन बर्को यांनी निकाल वाचून दाखवले. आठही प्रस्ताव नामंजूर झाले होते. बाहेर पडण्याची मूळ ठरलेली तारीख दोन दिवसांवर आली होती, आणि ती नुकतीच १२ एप्रिलपर्यंत पुढे ढकलावी लागली होती.

आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत तेव्हा हे सगळं एका म्हाताऱ्या संसदेचा तमाशा म्हणून छापून आलं. मला ते मान्य नाही. या ६५० माणसांत मूर्ख फार थोडे होते. बहुतेक गटांनी आपापल्या हिशोबाने शहाणपणाचीच चाल खेळली. तरीही दीड वर्ष देश अडून राहिला, आणि म्हणूनच हे प्रकरण बारकाईने पाहावंसं वाटतं.

होकार कशाला, ते ठरलंच नव्हतं

२३ जून २०१६ च्या सार्वमतात प्रश्न साधा होता : महासंघात राहायचं की सोडायचा. ७२ टक्के मतदान झालं. १ कोटी ७४ लाख लोकांनी सोडायचा म्हटलं, १ कोटी ६१ लाखांनी राहायचं म्हटलं. टक्केवारीत ५१.९ विरुद्ध ४८.१. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडमध्ये जवळपास ५६ टक्के मतं राहण्याच्या बाजूने होती. सोडून जायचं कुठे, हे मतपत्रिकेवर नव्हतं. प्रचारातही त्याचं एक ठरलेलं उत्तर नव्हतं. कुणी नॉर्वेचं नाव घेत होतं, कुणी कॅनडाचं, कुणी नुसतंच ‘नियंत्रण परत घेऊ’ म्हणत होतं.

पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी निकालानंतर लगेच पायउतार होण्याचं जाहीर केलं आणि थेरेसा मे आल्या. स्वतः मे यांनी राहण्याच्या बाजूने मत दिलं होतं. त्यामुळे पक्षातल्या कट्टर ब्रेक्झिटवाल्यांपुढे आपली निष्ठा सिद्ध करणं त्यांना गरजेचं वाटलं असावं. जानेवारी २०१७ मध्ये लँकेस्टर हाउसच्या भाषणात त्यांनी जाहीर केलं की ब्रिटन महासंघाची एकल बाजारपेठही, म्हणजे सगळ्या सदस्यांत मालाचे एकच नियम असलेली व्यवस्थाही, सोडेल आणि सीमाशुल्क संघही. इतका मोठा निर्णय संसदेत कुठल्याही मतदानाला न टाकता झाला. विरोधी मजूर पक्षाशी बोलणं झालं नाही, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडच्या लोकांचं म्हणणं विचारात घेतलं गेलं नाही. मला विचाराल तर पुढच्या कोंडीचं बी इथे पडलं. ५२ विरुद्ध ४८ अशा निकालातून एक मध्यम रस्ता काढायला हवा होता आणि तो त्याच महिन्यांत काढता आला असता, कारण तेव्हा कोणाचीच भूमिका अजून गोठलेली नव्हती.

त्याच जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला की बाहेर पडण्याची नोटीस द्यायला संसदेचा कायदा लागेल. खासदारांनी तो कायदा ४९४ विरुद्ध १२२ मतांनी करून दिला. २९ मार्च २०१७ ला नोटीस गेली. महासंघाच्या करारातल्या ५० व्या कलमानुसार त्या दिवसापासून दोन वर्षांचं घड्याळ सुरू झालं. करार झाला तर त्यानुसार, नाही झाला तर कराराविना, पण २९ मार्च २०१९ ला सदस्यत्व संपणार. दिशा न ठरवता घड्याळ सुरू करून देणाऱ्या त्या ४९४ जणांत पुढे कोंडीबद्दल सगळ्यात जोरात ओरडणारेही होते.

त्यानंतर मे यांनी मुदतपूर्व निवडणूक घेतली. बहुमत वाढवायला म्हणून घेतलेल्या त्या निवडणुकीत होतं तेही गेलं. मे यांच्या हुजूर पक्षाचे ३१७ खासदार निवडून आले. सरकार टिकवायला उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्येच राहावं असं म्हणणाऱ्या तिथल्या डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाच्या, म्हणजे डीयूपीच्या, १० खासदारांचा पाठिंबा घ्यावा लागला आणि त्या बदल्यात उत्तर आयर्लंडला १०० कोटी पौंडांचा निधी द्यावा लागला. ज्या एका प्रदेशात ब्रेक्झिटचा खरा गुंता होता, तिथल्याच एका पक्षाच्या हातात सरकारचा प्राण गेला.

पाचशे किलोमीटरची रेघ

आयर्लंड बेटावर ब्रिटनचा भाग असलेलं उत्तर आयर्लंड आणि स्वतंत्र आयर्लंड देश यांच्यामधली सीमा सुमारे ५०० किलोमीटर लांब आहे आणि तिला दोनशेहून जास्त रस्ते छेदतात. डंडॉकहून न्यूरीला गाडीने जाताना आपण एका देशातून दुसऱ्या देशात गेलो हे कळायची खूण एकच : वेगमर्यादेच्या पाट्यांवरचे किलोमीटर जाऊन मैल येतात. काही शेतं अर्धी इकडे आणि अर्धी तिकडे आहेत. उत्तरेतलं दूध प्रक्रियेसाठी दक्षिणेत जातं.

हे नेहमीच असं नव्हतं. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये राहावं की आयर्लंडमध्ये जावं, यावरून तिथल्या दोन समाजांत झालेल्या तीस वर्षांच्या हिंसाचारात सुमारे साडेतीन हजार माणसं मेली. त्या काळात याच सीमेवर लष्कराचे टेहळणी मनोरे होते आणि आडवाटा सैन्याने खणून बंद केल्या होत्या. १० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने शांतता आली. सीमा दिसेनाशी होऊ शकली याला त्या करारासोबत आणखी एक गोष्ट कारण होती : दोन्ही देश एकाच महासंघात होते. सीमाशुल्क एक, मालाचे नियम एक, म्हणून तपासायला काही उरलंच नव्हतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर मुलुंड आणि दहिसरच्या जकात नाक्यांवरच्या ट्रकांच्या रांगा ज्या कारणाने गेल्या, त्याच कारणाने. फरक एवढाच की तिथे नाका पुन्हा उभा राहिला तर त्यावर बॉम्ब पडण्याची भीती खरी होती. नाक्यावरचा कर्मचारी निशाण्यावर येईल, मग त्याच्या रक्षणाला पोलीस, मग पोलिसांच्या रक्षणाला सैन्य, असा इशारा उत्तर आयर्लंडच्या पोलीसप्रमुखांनीच दिला होता.

आता मे यांनी दिलेली तीन वचनं एकाशेजारी एक ठेवून पाहा. पहिलं, सबंध ब्रिटन एकल बाजारपेठ आणि सीमाशुल्क संघ सोडेल. दुसरं, आयर्लंडमध्ये सीमेवर नाके येणार नाहीत. तिसरं, उत्तर आयर्लंड आणि उरलेलं ब्रिटन यांच्यामध्येही नाके येणार नाहीत. यातली कोणतीही दोन एकत्र पाळता येतात. तिन्ही एकत्र पाळता येत नाहीत, कारण दोन वेगळ्या शुल्कव्यवस्था जिथे भिडतात तिथे कुठेतरी तपासणी करावीच लागते. ती जमिनीवर होईल किंवा समुद्रात होईल.

४ डिसेंबर २०१७ ला ब्रसेल्समध्ये हे उघडं पडलं. मे आणि महासंघाच्या आयोगाचे अध्यक्ष जाँ-क्लोद युंकर यांचं जेवणाच्या टेबलावर बोलणं चालू होतं. मसुदा जवळजवळ ठरला होता : उत्तर आयर्लंड महासंघाच्या नियमांशी जुळवून घेत राहील. त्याचा सुगावा लागताच डीयूपीच्या नेत्या अर्लीन फॉस्टर यांनी विरोध जाहीर केला. मे यांना बैठक थांबवून फॉस्टर यांना फोन करावा लागला आणि हात हलवत लंडनला परतावं लागलं. चार दिवसांनी नवा मसुदा आला. त्यात एका परिच्छेदात आयर्लंडमध्ये सीमा न आणण्याचं वचन होतं आणि लगेच पुढच्या परिच्छेदात उत्तर आयर्लंड व ब्रिटन यांच्यात नवे अडथळे न आणण्याचं. तिन्ही वचनं एकाच कागदावर आली आणि सगळ्यांनी ती मान्य केली. पुढची दोन वर्षं त्या दोन परिच्छेदांमधल्या फटीतच गेली.

त्यातून ‘बॅकस्टॉप’ जन्माला आला. भविष्यात दुसरी काही व्यवस्था सापडली नाही तर ती सापडेपर्यंत सबंध ब्रिटन महासंघाबरोबर एकाच शुल्कक्षेत्रात राहील आणि उत्तर आयर्लंड त्याखेरीज मालाचे काही नियमही पाळेल. या व्यवस्थेतून ब्रिटनला एकतर्फी बाहेर पडता येणार नव्हतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये ५८५ पानांचा करार तयार झाला, त्यात हे होतं. दुसऱ्याच दिवशी ब्रेक्झिटमंत्री डॉमिनिक राब यांनी राजीनामा दिला. त्यांच्या आधीचे ब्रेक्झिटमंत्री डेव्हिड डेव्हिस आणि परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन जुलैतच बाहेर पडले होते.

नाही म्हणणारे का नाही म्हणाले

मतदान ११ डिसेंबरला ठरलं होतं. हरणार हे दिसल्यावर मे यांनी ते आदल्या दिवशी पुढे ढकललं. १२ डिसेंबरला त्यांच्याच पक्षातल्या ११७ खासदारांनी त्यांच्यावर अविश्वास दाखवला. २०० जण सोबत राहिले म्हणून त्या वाचल्या.

१५ जानेवारी २०१९ ला अखेर करार मतदानाला आला. मजूर पक्षाच्या खासदार ट्युलिप सिद्दिक त्या दिवशी व्हीलचेअरवरून सभागृहात आल्या. त्या गरोदर होत्या आणि डॉक्टरांनी ठरवलेली सिझेरियनची तारीख त्यांनी मतासाठी पुढे ढकलली होती. गैरहजर खासदारासाठी एक जुनी सोय होती : विरुद्ध बाजूच्या एका खासदारानेही मत द्यायचं नाही, म्हणजे हिशोब बरोबर. पण जुलै २०१८ मध्ये बाळंतपणाच्या रजेवरच्या एका खासदाराबरोबर ठरलेला असा शब्द पाळला गेला नव्हता. सिद्दिक यांना त्यावर भरवसा ठेवावासा वाटला नाही. या प्रकरणातली मला सर्वात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. लेखी घटना नसलेला देश परस्परांच्या शब्दावर चालतो, आणि तो शब्द किती झिजला होता ते त्या व्हीलचेअरने दाखवलं. त्याच महिन्यात संसदेने प्रतिनिधीमार्फत मत देण्याची सोय सुरू केली.

निकाल होता २०२ विरुद्ध ४३२. २३० मतांनी पराभव, आधुनिक काळातला कोणत्याही ब्रिटिश सरकारचा सर्वात मोठा. हुजूर पक्षाचेच ११८ खासदार विरोधात गेले. एवढ्या पराभवानंतर पूर्वीचं कोणतंही सरकार पडलं असतं. दुसऱ्या दिवशी अविश्वास प्रस्ताव आला आणि तोच सरकारपक्ष, डीयूपीसकट, एकत्र येऊन सरकार ३२५ विरुद्ध ३०६ मतांनी तरलं.

त्या ४३२ जणांचं एकमेकांशी काहीही जुळत नव्हतं. जेकब रीस-मॉग आणि स्टीव्ह बेकर यांच्या युरोपियन रिसर्च ग्रुपला, म्हणजे हुजूर पक्षातल्या कट्टर ब्रेक्झिटवाल्यांच्या गटाला, करार फार मवाळ वाटत होता. घड्याळ आपल्या बाजूने आहे, आपण फक्त अडून राहिलो तर २९ मार्चला कराराविना बाहेर पडणं आपोआप होईल, असा त्यांचा हिशोब होता. महासंघात राहू इच्छिणाऱ्यांचा हिशोब याच्या नेमका उलट : करार पडत राहिला तर मुदत वाढेल, मुदत वाढली तर दुसरं सार्वमत होईल. त्यांना बळ मिळालं होतं ते युरोपीय न्यायालयाच्या १० डिसेंबर २०१८ च्या निकालाने. ब्रिटन ही नोटीस एकतर्फी मागे घेऊ शकतो, असं त्यात म्हटलं होतं. जेरेमी कॉर्बिन यांच्या मजूर पक्षाला वाटत होतं की सरकार थकेल आणि निवडणूक होईल. डीयूपीला उत्तर आयर्लंड वेगळं पडण्याची धास्ती होती.

नाही म्हटल्याने प्रत्येकाला आपलं ईप्सित जवळ येताना दिसत होतं. होकार दिला असता तर मात्र ते त्याच दिवशी कायमचं हातून गेलं असतं. अशा स्थितीत वाट पाहणं स्वस्त पडतं, आणि सगळ्यांनाच स्वस्त पडलं तर गाडी हलत नाही. मे यांचाही हिशोब वाट पाहण्याचाच होता : तारीख जवळ आली की घाबरून लोक माझ्या करारामागे येतील. हा हिशोब अगदीच चुकला असं नाही. विरोधातले हुजूर खासदार जानेवारीत ११८ होते, १२ मार्चच्या दुसऱ्या मतदानात ७५ झाले, २९ मार्चच्या तिसऱ्यात ३४. तिसऱ्या वेळी जॉन्सन, राब आणि रीस-मॉग यांनीही बाजूने मत दिलं, कारण करार मंजूर झाल्यास आपण पद सोडू असं मे यांनी पक्षाला सांगितलं होतं. तरीही ५८ मतं कमी पडली. डीयूपीचे दहाही जण विरोधात होते.

दुसऱ्या मतदानाच्या आदल्या रात्री मे स्ट्रासबर्गहून नवी कायदेशीर हमी घेऊन आल्या होत्या. सकाळी त्यांचेच महाधिवक्ता जेफ्री कॉक्स यांनी लेखी मत दिलं की ब्रिटन बॅकस्टॉपमध्ये अडकून राहण्याची कायदेशीर जोखीम बदललेली नाही. पंतप्रधानांसाठी हे विधान घातक होतं आणि कॉक्स यांना ते ठाऊक होतं. त्यांनी ते केलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

मधेच १८ मार्चला सभापती बर्को यांनी १६०४ पासूनचा एक संकेत काढला : एकदा नाकारलेला प्रस्ताव त्याच अधिवेशनात तसाच्या तसा पुन्हा आणता येणार नाही. म्हणून तिसऱ्या वेळी कराराचा फक्त कायदेशीर भाग, भविष्यातल्या संबंधांचा राजकीय जाहीरनामा वगळून, आणावा लागला.

तीन मतं

२७ मार्चला आठ प्रस्ताव पडले असले तरी सगळे सारखे पडले नव्हते. करार न करता बाहेर पडण्याला १६० मतं मिळाली, विरोधात ४००. दुसऱ्या सार्वमताला २६८ मिळाली, विरोधात २९५. ज्येष्ठ हुजूर खासदार केन क्लार्क यांचा सीमाशुल्क संघाचा प्रस्ताव २६४ विरुद्ध २७२ असा थोडक्यात गेला. १ एप्रिलला चार प्रस्तावांवर पुन्हा मतदान झालं. क्लार्क यांचा प्रस्ताव २७३ विरुद्ध २७६ मतांनी पडला. एकल बाजारपेठेचा प्रस्ताव २६१ विरुद्ध २८२, दुसरं सार्वमत २८० विरुद्ध २९२.

तीन मतं! मंत्रिमंडळाला तटस्थ राहायला सांगितलं होतं. दुसऱ्या सार्वमताचा आग्रह धरणाऱ्यांपैकी काही विरोधात गेले, काही तटस्थ राहिले, कारण मध्यम मार्ग मंजूर झाला तर आपला मोठा मार्ग बंद होईल ही भीती. ज्यांना महासंघ सोडायचाच नव्हता त्यांच्या दृष्टीने सीमाशुल्क संघ हा पुढे झालेल्या ब्रेक्झिटपेक्षा कितीतरी बरा होता. आयरिश सीमेचा प्रश्नही त्याने बराचसा हलका झाला असता, सुटला नसता तरी. त्या रात्री दोन माणसांनी आपला विरोध पाठिंब्यात बदलला असता तर २७५ विरुद्ध २७४ होऊन तो मंजूर झाला असता. तो ठराव सरकारवर बंधनकारक नव्हता हे खरं. पण ‘संसदेला काय हवंय तेच कळत नाही’ या वाक्याचा जोर त्याच रात्री गेला असता. एकल बाजारपेठेच्या प्रस्तावाचे कर्ते निक बोल्स यांनी निकालानंतर जागेवरूनच हुजूर पक्ष सोडत असल्याचं जाहीर केलं. माझ्याच पक्षाला तडजोड करता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

मतपत्रिकेची ही पद्धत सदोष होती, असं मला वाटतं. प्रत्येक प्रस्तावावर सुटं हो-नाही विचारलं की कोणालाच दुसरी पसंती सांगावी लागत नाही. खासदारांना पसंतीक्रम लावायला सांगून तळातला पर्याय फेरीफेरीने वगळला असता तर शेवटी काहीतरी एक उरलंच असतं. आपल्याकडे राज्यसभेची आणि विधान परिषदेची निवडणूक पसंतीक्रमाने होते, त्यामुळे मराठी वाचकाला हे नवं नाही.

३ एप्रिलला कॉमन्सने सरकारच्या विरोधाला न जुमानता मुदतवाढ मागायला लावणारं विधेयक ३१३ विरुद्ध ३१२ असं एका मताने मंजूर केलं. त्याच दिवशी आणखी एका दुरुस्तीवर ३१०-३१० अशी बरोबरी झाली आणि सभापतींना निर्णायक मत द्यावं लागलं. १९९३ नंतर प्रथमच अशी वेळ आली होती. मे त्याच आठवड्यात कॉर्बिन यांच्याशी बोलायला बसल्या, दोन वर्षं उशिराने. बोलणी मे महिन्याच्या मध्यावर मोडली, २४ मे रोजी त्यांनी राजीनामा जाहीर केला.

वाट पाहण्याचा खर्च

खासदारांना वाट पाहणं स्वस्त होतं, इतरांना नव्हतं. टाटा मोटर्सच्या जग्वार लँड रोव्हरने सीमेवर गोंधळ होईल हे धरून ८ एप्रिलपासून आठवडाभर ब्रिटनमधले कारखाने बंद ठेवायचं आधीच ठरवलं होतं. मुदतवाढ मिळाल्याने गोंधळ झालाच नाही, पण आठवडा तर गेला. बीएमडब्ल्यूनेही ऑक्सफर्डमधल्या मिनी कारखान्याची उन्हाळी सुट्टी एप्रिलमध्ये ओढली होती. पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडन आणि साउथॉलमध्ये येऊन राहिलेल्या गोवेकरांचा तिथे राहण्याचा हक्क महासंघाच्या मुक्त संचारावरच उभा होता. करार होणार की नाही, झाला तर मुलांचं आणि आईवडिलांचं काय, हे त्यांना महिनोन्‌महिने नक्की कळत नव्हतं. पुढे त्यांना इतर युरोपीय नागरिकांप्रमाणेच ३० जून २०२१ पर्यंत नव्या योजनेत अर्ज करावा लागला.

कोंडी फुटली ती कशी

जुलै २०१९ मध्ये जॉन्सन पंतप्रधान झाले. वाढवलेली मुदत ३१ ऑक्टोबरला संपत होती. त्या दिवशी काहीही झालं तरी बाहेर, ही त्यांची घोषणा. त्यांनी राणीला सल्ला देऊन संसद पाच आठवडे संस्थगित केली. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी २४ सप्टेंबरला एकमताने ते बेकायदा ठरवलं. त्याआधी, ३ सप्टेंबरला, एक हुजूर खासदार सभागृहात चालत जाऊन लिबरल डेमोक्रॅटांच्या बाकावर बसला आणि सरकारचं बहुमत गेलं. त्याच रात्री सरकारविरुद्ध मत देणाऱ्या २१ हुजूर खासदारांना पक्षाच्या संसदीय गटातून काढलं गेलं. त्यात क्लार्क होते, माजी अर्थमंत्री फिलिप हॅमंड होते आणि चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्स होते. मग करार नसेल तर मुदतवाढ मागणं पंतप्रधानांवर बंधनकारक करणारा कायदा झाला.

जॉन्सन यांना आता निवडणूक हवी होती, पण २०११ च्या मुदतबंद संसद कायद्याप्रमाणे त्यासाठी दोन तृतीयांश, म्हणजे ४३४ खासदार लागत. तीनदा प्रयत्न झाला, तीनदा फसला. सरकारकडे कारभाराला बहुमत नाही, विरोधकांकडे पर्यायी सरकारला नाही, आणि लोकांकडे जायलाही वाट नाही. पूर्वी पंतप्रधान मोठ्या प्रश्नावर हरले की लोकांकडे जात किंवा घरी जात. २०११ च्या कायद्याने ती झडपच बंद करून टाकली होती. माझ्या मते या कोंडीत सीमेच्या खालोखाल वाटा त्या कायद्याचा आहे.

झडप उघडली ती आयर्लंडच्या बाजूने. १० ऑक्टोबरला लिव्हरपूलजवळच्या थॉर्नटन मॅनरमध्ये जॉन्सन आणि आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर भेटले. वराडकरांचे वडील डॉक्टर, मूळचे मालवण तालुक्यातल्या वराडचे. सबंध ब्रिटिश राजकारण ज्या सीमेवर अडलं होतं, तिच्या पलीकडच्या बाजूचं नेतृत्व एका मराठी आडनावाकडे होतं. त्या भेटीनंतर करार होऊ शकेल असा मार्ग दिसतो, असं दोघांनी जाहीर केलं. आठवडाभरात करार झाला.

मार्ग काय होता? तिसरं वचन सोडलं. उत्तर आयर्लंड मालापुरतं महासंघाच्या नियमांत राहील आणि तपासणी आयरिश समुद्रात, म्हणजे ब्रिटनच्याच दोन भागांमध्ये होईल. कोणताही ब्रिटिश पंतप्रधान हे मान्य करणार नाही, असं मे म्हणाल्या होत्या. खुद्द जॉन्सन नोव्हेंबर २०१८ मध्ये डीयूपीच्या अधिवेशनात जाऊन तेच सांगून आले होते. वराडकरांनीही थोडं सोडलं : ही व्यवस्था कायमची न ठेवता तिच्यावर उत्तर आयर्लंडच्या विधानसभेने ठरावीक काळाने मत द्यायचं, आणि तेही साध्या बहुमताने. त्यामुळे एकट्या डीयूपीला नकाराधिकार राहिला नाही. जॉन्सन यांनी एक वचन आणि एक मित्रपक्ष मोडून पेच सोडवला. मे यांना डीयूपीच्या दहा मतांशिवाय सरकार चालवता येत नव्हतं. जॉन्सन यांचं बहुमत तसंही गेलंच होतं, म्हणून त्यांना ती दहा मतं सोडून देणं परवडलं.

१९ ऑक्टोबरला, फॉकलंड युद्धानंतर प्रथमच, शनिवारी संसद बसली. पण आधी कायदा मग मंजुरी, अशी दुरुस्ती ३२२ विरुद्ध ३०६ मतांनी झाली आणि जॉन्सन यांना मुदतवाढीचं पत्र पाठवावं लागलं. त्यावर त्यांनी सही केली नाही. २२ ऑक्टोबरला करार तत्त्वतः ३२९ विरुद्ध २९९ असा मंजूर झाला. साडेतीन वर्षांत एखाद्या कराराला मिळालेला हा पहिला होकार. पंधरा मिनिटांतच तीन दिवसांत कायदा उरकण्याचं वेळापत्रक मात्र नामंजूर झालं. शेवटी निवडणुकीसाठी वेगळा छोटा कायदा आणला गेला, ज्याला साधं बहुमत पुरेसं होतं. तो ४३८ विरुद्ध २० मतांनी मंजूर झाला. ३१ जानेवारीपर्यंतची मुदतवाढ मिळाल्याने कराराविना बाहेर पडण्याचा धोका तेवढ्यापुरता टळला होता आणि विरोधकांकडे निवडणूक टाळायचं कारण राहिलं नव्हतं.

१२ डिसेंबर २०१९ ला हुजूर पक्षाला ४३.६ टक्के मतं आणि ३६५ जागा मिळाल्या. काढून टाकलेल्या २१ पैकी बरेच जण उभेच राहिले नाहीत, जे पक्षाबाहेरून उभे राहिले ते हरले. देशाचं मत फार बदललं होतं असं आकड्यांवरून दिसत नाही. सभागृहातली माणसं बदलली आणि दुसरे पर्याय मिटले. २० डिसेंबरला तोच करार ३५८ विरुद्ध २३४ मतांनी पुढे गेला आणि ३१ जानेवारी २०२० च्या रात्री ११ वाजता ब्रिटन बाहेर पडला. डिसेंबर संपता संपता वराडकर कुटुंबासह वराडला येऊन गेले होते.

तपासणी समुद्रात गेली, तशी कोंडीही लंडनच्या वेस्टमिन्स्टरमधून उत्तर आयर्लंडच्या राजधानीत, बेलफास्टला गेली. डीयूपीने या समुद्रसीमेच्या निषेधार्थ फेब्रुवारी २०२२ पासून तिथलं सरकार चालू दिलं नाही. ब्रिटन आणि महासंघ यांच्यात २०२३ मध्ये झालेल्या ‘विंडसर चौकट’ या समझोत्याने तपासणी बरीच सैल केली, तरी सरकार पुन्हा बसायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. वराडकरांनी मान्य केलेलं ते मतदान १० डिसेंबर २०२४ ला झालं. ४८ विरुद्ध ३६ मतांनी व्यवस्था पुढे चालू राहिली. युनियनिस्ट पक्षांनी एकजुटीने विरोधात मत दिलं. दोन्ही समाजांचा पाठिंबा नसल्याने तिची मुदत आठ वर्षांऐवजी चार वर्षांनीच वाढली आहे.